चर्मपत्राची कुंपणं

जेम्स मॅडिसनचा हक्कांच्या सनदेवर विश्वास नव्हता. पुढे ज्याने तीच सनद लिहून काढली आणि चालढकल करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, गळी उतरवली, त्याच मॅडिसनबद्दल मी बोलते आहे. १७ ऑक्टोबर १७८८ रोजी त्याने पॅरिसला राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनला एक लांबलचक पत्र लिहिलं. व्हर्जिनियात हक्कांचा जाहीरनामा आधीपासून होता. लोकमताचा लोंढा उलट दिशेने आला की त्याची काय गत होते, हे मॅडिसनने स्वतः पाहिलं होतं. बाकीच्या राज्यांतही तेच. मस्तवाल बहुमताने ही चर्मपत्राची कुंपणं जागोजागी मोडून टाकली आहेत, असं त्याने लिहिलं.

जेफरसनचं उत्तर १५ मार्च १७८९ चं. तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली, असं तो म्हणतो: हक्क लिहून ठेवले की सरकारला अडवण्याचं एक कायदेशीर साधन न्यायाधीशांच्या हाती येतं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ८ जूनला, मॅडिसन न्यूयॉर्कमध्ये प्रतिनिधिगृहात उभा राहिला तेव्हा जेफरसनचाच मुद्दा त्याच्या तोंडी होता. स्वतंत्र न्यायालयं या हक्कांची राखण करतील, असं त्याने सभागृहाला सांगितलं. १५ डिसेंबर १७९१ पर्यंत राज्यघटनेच्या दहा दुरुस्त्यांना पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली. त्याच दहा दुरुस्त्या म्हणजे हक्कांची सनद.

मला या दोन पत्रांचं मोल फार वाटतं. अमेरिकेत सनदेची पूजा करणारे पुष्कळ भेटतात, आणि 'शेवटी कागदच तो' म्हणून हात झटकणारेही. सनद लिहिणाऱ्याने मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरल्या होत्या. कुंपण कागदाचं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्याने ते घातलं. मग ते टिकतं कशाच्या बळावर, हा प्रश्न मला या देशात आल्यापासून सोडत नाही.

मूळ घटना चार चर्मपत्रांवर मावते. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी वादविवाद केले आणि १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. तिच्यातली मांडणी शाळेतली मुलंही सांगतात: कायदा करणारा वेगळा, अंमल करणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा, आणि केंद्राला जे अधिकार दिले तेवढेच त्याचे. माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, असं मॅडिसनने त्याच काळात लिहिलं आहे. सरकारला आधी लोकांवर ताबा ठेवण्याचं बळ द्यायचं आणि मग त्याला स्वतःवर ताबा ठेवायला भाग पाडायचं, हे त्याच्या लेखी खरं अवघड काम. त्या चार पानांत मला सर्वांत ठाशीव वाटतं ते पहिल्या अनुच्छेदाचं नववं कलम. खटला न चालवता नुसता कायदा करून कुणाला गुन्हेगार ठरवायचं नाही. आज केलेल्या कायद्याने कालच्या कृत्याला शिक्षा द्यायची नाही. आणि बंड किंवा परकीय आक्रमणात सार्वजनिक सुरक्षेसाठी भागच पडल्याखेरीज हेबियस कॉर्पस थांबवायचं नाही. म्हणजे ज्याला धरून ठेवलं आहे त्याला न्यायाधीशापुढे हजर करा आणि का धरलं ते सांगा, या हुकमापासून सरकारची सुटका नाही.

या पानांवर काळा डागही आहे, आणि तो झाकून पुढे जाणं मला जमत नाही. जॉर्ज मेसनने हक्कांची सनद नाही म्हणून घटनेवर सही करायला नकार दिला. तो मेसन, तो मॅडिसन, तो जेफरसन, तिघेही गुलामांचे मालक होते. घटनेत 'गुलाम' हा शब्द टाळला आहे, पण प्रतिनिधी ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं मोजायची सोय आहे, आणि पळून गेलेल्याला मालकाकडे परत करण्याचीही. शिवाय ती दहा दुरुस्त्यांची वेसण फक्त केंद्र सरकारला होती. राज्याने अन्याय केला तर तिचा उपयोग नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये स्पष्ट सांगितलं. यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि राज्यांनाही बजावलं गेलं: रीतसर कायदेशीर प्रक्रियेवाचून कुणाचा जीव, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घ्यायची नाही, आणि कायद्याचं समान संरक्षण कुणालाही नाकारायचं नाही. त्या वाक्याला खरा अर्थ येईपर्यंत आणखी शंभर वर्षं गेली.

मी नागरिकत्वाची परीक्षा दिली तेव्हा अभ्यासाला शंभर प्रश्नांची यादी होती. त्यात एक प्रश्न होता, कायद्याचं राज्य म्हणजे काय. मान्य उत्तरं चार, आणि त्यांतलं एक असं: सरकारने कायदा पाळलाच पाहिजे. शपथविधीच्या रात्री आईला फोन केला. तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "कुणाची शपथ घेतलीस गं?"

"कुणाचीच नाही आई. राज्यघटनेची आणि कायद्यांची."

"अगं पण अध्यक्षाचं नाव तरी घेतलं असशील?"

"नाही. त्याचं नावच नाही शपथेत. तोही हीच शपथ घेतो, घटनेचं रक्षण करीन म्हणून."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "कागदाची शपथ घेतलीस म्हण की. आणि तो कागद कुणी मानला नाही तर?"

आईने मॅडिसन वाचलेला नाही. पण त्या माणसाने पॅरिसला जे लिहिलं होतं तेच ती कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातून विचारत होती, आणि तिला देण्याजोगं उत्तर माझ्याकडे त्या रात्री नव्हतं. ते मी नंतर शोधू लागले, आणि मला ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत कमी आणि खटल्यांच्या कागदपत्रांत जास्त सापडलं.

अमेरिकेचं स्वातंत्र्य १७७६ चं धरतात. पुढे देशाचा दुसरा अध्यक्ष झालेला जॉन ॲडम्स ते पंधरा वर्षं मागे नेत असे. १७६० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचा दुसरा जॉर्ज राजा वारला. जकात अधिकाऱ्यांकडे सरसकट झडतीची जी फर्मानं असत ती राजा गेल्यावर सहा महिन्यांनी निकामी होत, म्हणून नवी मागण्यात आली. त्या फर्मानावर ना कुणाचं नाव, ना घर, ना कोणता माल शोधायचा ते. हाती असलं की कुठल्याही घरात, दुकानात, कोठारात घुसता येई. जेम्स ओटिस हा तेव्हा सरकारी वकील. या फर्मानांची बाजू मांडायची वेळ आली तेव्हा त्याने पद सोडलं आणि फेब्रुवारी १७६१ मध्ये बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या बाजूने तो उभा राहिला. जवळजवळ पाच तास बोलला. माणसाचं घर हा त्याचा गड आहे, तो शांतपणे राहतो आहे तोवर राजपुत्राइतकाच सुरक्षित असला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तो हरला. पण पंचवीस वर्षांचा ॲडम्स तिथे बसून ऐकत होता. म्हातारपणी त्याने लिहिलं की स्वातंत्र्य नावाचं मूल त्या क्षणी, त्या जागी जन्मलं. याच ॲडम्सने १७८० च्या मॅसॅच्युसेट्सच्या घटनेचा मसुदा लिहिला आणि झडतीवरची बंधनं तिच्यात घातली. तिथून ती चौथ्या दुरुस्तीत आली: ठोस कारण हवं, ते शपथेवर सांगितलेलं हवं, आणि कोणती जागा शोधायची, कुणाला किंवा काय जप्त करायचं ते वॉरंटमध्ये लिहिलेलं हवं.

हरलेल्या खटल्यातून मूळ धरलेला हा हक्क आहे. पुढे वाचत गेले तसं हे वारंवार दिसत गेलं.

माझ्या आईचा प्रश्न खऱ्या अर्थाने पणाला लागला तो १९४० ते १९४४ या चार-पाच वर्षांत. तेच न्यायालय, तेच युद्ध, बरेचसे तेच न्यायाधीश.

पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या खाणकामगारांच्या गावात यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या एका कुटुंबातली दोन मुलं शाळेत ध्वजाला वंदन करीनात. वंदन फक्त देवाला, ही त्यांची श्रद्धा. शाळेने काढून टाकलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. निकाल लिहिला फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी. व्हिएन्नात जन्मलेले ज्यू, लहानपणी अमेरिकेत आलेले, नागरी स्वातंत्र्याचे नावाजलेले पुरस्कर्ते. राष्ट्रीय ऐक्य महत्त्वाचं, आणि ते कसं घडवायचं हे शाळा मंडळांनी ठरवावं, न्यायाधीशांनी नाही, असा त्यांचा युक्तिवाद. निकालापाठोपाठ या पंथाच्या लोकांवर देशभर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंक गावात त्यांचं प्रार्थनागृह जाळलं. न्यायालयाने 'चालेल' म्हटलं की गल्लीतल्या टोळक्याला ते कसं ऐकू येतं, हे त्या उन्हाळ्यात दिसलं.

पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला होऊन जेमतेम महिना झाला होता, आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने ध्वजवंदन सक्तीचं केलं. गॅथी आणि मरी बार्नेट या दोन लहान बहिणींना शाळेतून घरी पाठवलं. हा खटलाही वॉशिंग्टनला पोचला, आणि १४ जून १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच, न्यायालयाने तीन वर्षांपूर्वीचा आपलाच निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. ह्यूगो ब्लॅक, विल्यम डग्लस आणि फ्रँक मर्फी यांनी आपण चुकलो हे वर्षभर आधीच एका दुसऱ्या खटल्यात लिहून ठेवलं होतं. निकाल लिहिला रॉबर्ट जॅक्सन यांनी. काही हक्क मतदानाला टाकता येत नाहीत, ते कोणत्याही निवडणुकीच्या निकालावर अवलंबून नसतात, असं त्यांनी म्हटलं. आपल्या घटनेच्या तारांगणात एखादा अढळ तारा असेल तर तो हा, की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म किंवा मताच्या कोणत्याही बाबतीत योग्य काय हे लहान-मोठा कुठलाही अधिकारी ठरवून देऊ शकत नाही. सक्तीने घडवलेली एकवाक्यता ही स्मशानातली एकवाक्यता असते, हेही त्यातच. हे लिहिलं तेव्हा देश जर्मनी आणि जपानशी लढत होता, रोज माणसं मरत होती. शांततेच्या काळात असं लिहिणं सोपं. त्या जून महिन्यात ते सोपं नव्हतं, म्हणून मला जॅक्सन यांच्याबद्दल आदर आहे.

आणि मग दीड वर्षाने याच न्यायालयाने फ्रेड कोरेमात्सूचा निकाल दिला.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. लष्कराने त्याच्या आधाराने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरं, शेतं, दुकानं सोडायला लावून छावण्यांत डांबलं. त्यातले सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक. आरोप कुणावरच नाही, खटला नाही, सुनावणी नाही. फ्रेड ओकलंडचा वेल्डर. तो गेला नाही. मे अखेरीस सॅन लिअँड्रोत रस्त्यावर पकडला गेला. त्याच्या बाजूने उभं राहायला आपल्याच माणसांतले फारसे कुणी तयार नव्हते. छावणीत बरेच जण त्याला टाळत, याच्यामुळे आपल्यावर आणखी संकट येईल म्हणून.

फ्रेडचं नाव आता शाळेच्या पुस्तकांत आहे. त्याच दिवशी निकाल लागलेल्या मित्सुये एन्डोचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि मला या सगळ्या कथेतली सर्वांत मोठी व्यक्ती तीच वाटते. ती सॅक्रामेंटोत जन्मली, कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या कचेरीत कारकून होती, जपान तिने पाहिलेलं नव्हतं, भाऊ अमेरिकी सैन्यात होता. राज्याने जपानी वंशाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना काढायचं ठरवलं तेव्हा जेम्स पर्सेल या वकिलाने लढायला योग्य फिर्यादी शोधताना तिची निवड केली. जुलै १९४२ मध्ये तिच्या नावाने हेबियस कॉर्पसचा अर्ज दाखल झाला. वर्षभराने तो फेटाळला गेला, अपील झालं. सरकारी वकिलांना कळून चुकलं होतं की या बाईविरुद्ध त्यांच्याकडे काहीच नाही. मग त्यांनी तिला सांगितलं: तुला सोडतो, फक्त पश्चिम किनाऱ्यावर परत जायचं नाही.

ती सुटली असती तर अर्जच निकालात निघाला असता. धरून ठेवलेलंच कुणी नाही, मग हजर कुणाला करायचं? एन्डोने सुटका नाकारली. आधी टूल लेक आणि मग यूटाच्या वाळवंटातली टोपाझ, या छावण्यांत ती काटेरी तारेच्या आत राहिली, प्रश्न जिवंत राहावा म्हणून. बाहेर पडण्याचा रस्ता समोर उघडा असताना एक तरुण मुलगी जवळजवळ दीड वर्ष आत राहते, हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. तिने भाषण केलं नाही, सत्याग्रह म्हटलं नाही. हजारो माणसं जिच्या आत आहेत त्या तारेचा कायद्याने हिशेब व्हावा एवढ्यासाठी ती थांबली.

१८ डिसेंबर १९४४. एन्डोच्या खटल्यात सर्व न्यायाधीश एकमताने म्हणाले की जी एकनिष्ठ आहे हे सरकारच मान्य करतं, तिला डांबून ठेवण्याचा अधिकार छावण्या चालवणाऱ्या खात्याला नाही. निकालाचा सुगावा लागून सरकारने आदल्याच दिवशी किनाऱ्यावरची बंदी उठवत असल्याची घोषणा केली होती. तिच्या हट्टाने छावण्यांची दारं उघडली. पण न्यायालयाने घटनेचा प्रश्न मात्र शिताफीने बाजूला ठेवला, आणि त्याच दिवशी फ्रेडच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी बंदीहुकूम वैध ठरवला. निकाल कुणी लिहिला? ह्यूगो ब्लॅक यांनी. दीड वर्षापूर्वी त्या दोन मुलींच्या बाजूने मत देणारे तेच ब्लॅक. विरोधात मर्फी यांनी ही वंशद्वेषाची कुरूप खाई आहे असं लिहिलं. जॅक्सन यांनी बजावलं की लष्करी हुकूम आज येतो नि उद्या जातो, पण न्यायालयाने एकदा तो घटनेत बसवून दिला की ते तत्त्व भरलेल्या बंदुकीसारखं पडून राहतं. तातडीच्या गरजेचं बरंसं कारण पुढे करणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने उचलावं, असं.

आईचा प्रश्न होता, कागद मानला नाही तर? उत्तर आहे, मानला नाही. त्या डिसेंबरमध्ये फ्रेडपुरतं कुंपण नव्हतं. सव्वा लाख माणसांच्या आयुष्यातली वर्षं गेली, आणि घटनेतलं एक अक्षरही त्यासाठी बदलावं लागलं नाही.

इथे एक धागा आपल्याकडे येतो. १९४७ च्या शरद ऋतूत भारताच्या घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत न्यायाधीशांना भेटले, त्यात फ्रँकफर्टर होते. 'रीतसर कायदेशीर प्रक्रिया' ही अमेरिकी कसोटी तुमच्या घटनेत घेऊ नका, लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाचे कायदे मूठभर न्यायाधीशांनी रद्द करणं लोकशाहीला धरून नाही, असा त्यांचा सल्ला. मसुदा बदलला. 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' हे शब्द आले, तेही जपानच्या नव्या, अमेरिकी ताब्याखाली लिहिलेल्या घटनेच्या धर्तीवर. १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या बाबासाहेबांपुढे १३ डिसेंबर १९४८ रोजी हा पेच होता. कायदेमंडळ पक्षाच्या जोरावर वाईट कायदे करू शकतं, आणि पाच-सहा न्यायाधीशांवर सगळं सोपवणंही धोक्याचं, दोन्ही बाजूंना खडक आहेत, असं प्रामाणिकपणे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. पण त्यांना ते डाचत राहिलं असावं. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी अटकेची कारणं सांगण्याचं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचं बंधन घालणारं नवं कलम आणलं, जे आज बावीसावं आहे, आणि ही झालेल्या गोष्टीची भरपाई आहे असं उघड म्हटलं.

आणीबाणीत आपलाही डिसेंबर १९४४ आला. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी हेबियस कॉर्पसचे अर्ज ऐकता येतात असं म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये तो निकाल चूक होता हे लिहिणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. एक्केचाळीस वर्षं लागली.

ब्लॅक यांच्याकडे मी परत परत जाते. अलाबामातल्या तरुणपणी ते कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववाद्यांच्या संघटनेचे सदस्य होते. न्यायाधीश झाल्यावर कोटाच्या खिशात घटनेची छोटी प्रत बाळगत आणि बोलता बोलता ती काढून वाचून दाखवत. कोरेमात्सूच्या निकालाचा त्यांना शेवटपर्यंत पश्चात्ताप झाला नाही. त्याच ब्लॅक यांनी १९५२ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांना रोखलं. कोरियाचं युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता, आणि ८ एप्रिलला ट्रुमन यांनी गिरण्या सरकारी ताब्यात घेण्याचा हुकूम दिला. खालच्या न्यायालयात सरकारी वकील म्हणाला की अध्यक्षाच्या अधिकाराला मर्यादा दोनच, मतपेटी आणि महाभियोग. हे ऐकून देश हादरला. २ जूनला निकाल लागला: कायदा करणं काँग्रेसचं काम, अध्यक्षाचं नव्हे. ट्रुमन यांनी त्याच दिवशी गिरण्या मालकांना परत केल्या. हाताखाली सगळं लष्कर असलेला माणूस नऊ न्यायाधीशांच्या कागदापुढे थांबला.

आणि १९६३. फ्लोरिडातल्या पनामा सिटीत एका बिलियर्डच्या अड्ड्यावर चोरी झाली, क्लॅरेन्स अर्ल गिडियन पकडला गेला. पन्नाशीतला, फाटका, आधीच तुरुंगवाऱ्या केलेला माणूस. ४ ऑगस्ट १९६१ रोजी त्याने न्यायाधीशाला सांगितलं, मला वकील द्या. देता येत नाही, न्यायाधीश म्हणाले, फ्लोरिडात फक्त फाशीच्या गुन्ह्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो. गिडियनने आपली बाजू आपणच मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा घेऊन गेला. तुरुंगातल्या रेघी कागदावर त्याने पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. अक्षर बाळबोध, शुद्धलेखन यथातथा. न्यायालयाने तो घेतला, एब फोर्टास हे नामांकित वकील त्याच्यासाठी नेमले, आणि १८ मार्च १९६३ रोजी एकमताने ठरलं की गंभीर गुन्ह्यात गरिबाला वकील द्यायलाच हवा. हा निकालही ब्लॅक यांचा. १९४२ मध्ये अशाच एका खटल्यात ते अल्पमतात होते. एकवीस वर्षांनी तेच म्हणणं त्यांनी न्यायालयाच्या वतीने लिहिलं. ऑगस्टमध्ये गिडियनचा खटला पुन्हा चालला. फ्रेड टर्नर या स्थानिक वकिलाने मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी घेतली, आणि ज्युरीने तासाभरात निर्दोष म्हटलं. साक्षीदार तोच, पुरावा जवळपास तोच. फरक एका वकिलाचा.

आता आईने तो प्रश्न पुन्हा विचारला तर मी तिला या माणसांची नावं सांगेन. कागद स्वतःहून कुणाला अडवत नाही. खटला हरणारा ओटिस लागतो, शाळेतून हाकललेल्या मुली लागतात, सुटका नाकारणारी कारकून लागते, पेन्सिल घेऊन बसणारा कैदी लागतो. त्यांच्यातलं कुणीही सत्तेतलं नव्हतं, बहुतेकांना शेजारीपाजारीही मानत नव्हते. आणि न्यायासनावर बसणारा कधी ब्लॅक यांचा १९४३ चा चेहरा घेऊन येतो, कधी १९४४ चा. हे आधी कळत नाही. तरी अर्ज करावा लागतो. या अनिश्चिततेत मला निराशा वाटत नाही. उलट ज्यांनी निकालाची हमी नसताना अर्ज केले त्यांचं माझ्यावर ऋण आहे, मी त्यांच्या देशात उशिरा आले तरी.

फ्रेड कोरेमात्सूची गोष्ट १९४४ ला संपली नाही. जवळजवळ चार दशकं तो शिक्षा झालेला गुन्हेगार म्हणून जगला. मग संशोधकांना जुन्या सरकारी फायलींत सापडलं की जपानी वंशाच्या लोकांकडून धोका नाही असं सांगणारे गुप्तचरांचे अहवाल सरकारने सर्वोच्च न्यायालयापासून दडवले होते. त्या आधारावर तरुण वकिलांच्या एका गटाने, ज्यांच्यातल्या अनेकांचे आईवडील छावण्यांत राहून आले होते, खटला पुन्हा उघडला. नोव्हेंबर १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी शिक्षा रद्द केली. १९८८ मध्ये काँग्रेसने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. पण जिल्हा न्यायालयाला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुसता येत नाही, बंदूक होती तिथेच राहिली. २०१८ मध्ये मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी तो निकाल दिला त्याच दिवशी घोर चुकीचा होता असं लिहिलं, तेही ज्या निकालात परदेशी प्रवाशांवरची बंदी वैध ठरवली त्यातच. एक घोर चूक काढून तिच्या जागी दुसरी ठेवली, असं विरोधी मतात न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर म्हणाल्या, आणि मला त्यांचं पटतं.

फ्रेडने ते पाहिलं नाही. पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर क्यूबातल्या ग्वांटानामो या अमेरिकी तळावर शेकडो माणसांना आरोपावाचून डांबलं गेलं, तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती. त्या कैद्यांना तो ओळखत नव्हता. त्यांचा धर्म वेगळा, देश वेगळे, त्यांच्यावरचा संशय त्याच्यावर होता त्याहून कितीतरी मोठा. २००३ मध्ये त्याने आपल्या नावाने सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या बाजूचं निवेदन दाखल केलं: माझ्या वेळी तुम्ही सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवलात, पुन्हा ठेवू नका. २८ जून २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल आला की ग्वांटानामोतल्या परदेशी कैद्यांचेही हेबियस कॉर्पसचे अर्ज अमेरिकेच्या न्यायालयांनी ऐकले पाहिजेत. अर्ज ऐकायला सुरुवात झाली.